इथे खुडा, तिकडे छाटणी

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
दि. १२ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आम्ही तिघेही इकडे खुशाल आहोत. फोन रोजच होतो, पण आजीला फोनवरचे नीट ऐकू येत नाही आणि कागदावरचे वाचून दाखवलेले तिला आवडते, म्हणून हे पत्र. शिवाय मागच्या रविवारचा तो फोटो पाहून आईने दोन दिवस जे मौन धरले, त्याचा खुलासा मला फोनवर करता आला नाही, हेही कारण आहेच.

फोटोत माझ्या कडेवर बाळ आहे आणि दुसऱ्या हातात वाइनचा ग्लास आहे, हे खरे आहे. तो ग्लास तुमच्या जावयांचा होता आणि फोटो काढण्यासाठी त्यांनी तो माझ्या हातात दिला होता. ग्रुपवर फोटो टाकताना त्यांना एवढेच दिसले की मागे बाग छान आली आहे. लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून त्यांच्या ऑफिसातल्या मित्रांनी आम्हांला नापा खोऱ्यात, म्हणजे इथल्या वाइनच्या द्राक्षबागांच्या भागात, दोन रात्री राहण्याची सोय करून दिली होती. त्यामुळे राहण्याचा खर्च आमच्या खिशातून गेला नाही, हे आधीच सांगून टाकते. घरापासून दीड-दोन तासांचा रस्ता आहे. इथल्या कायद्याने दोन वर्षांखालच्या मुलाला मागच्या सीटवर, तोंड मागे करून बांधावे लागते, म्हणून मी सगळा वेळ मागेच, त्याच्या शेजारी बसले होते. बाळाने दोन्ही दिवस मऊ भात आणि वरण खाल्ले, कानटोपी एकदाही काढली नाही (म्हणजे मी काढू दिली नाही), आणि त्याला सर्दी झालेली नाही.

आता त्या ग्लासाचे सांगते, कारण ते समजल्याशिवाय आईची काळजी जाणार नाही. इथे वाइनरीत जाऊन वाइन ‘चाखतात’, आणि चाखणे म्हणजे पिणे नव्हे. आधी फोनवरून वेळ ठरवावी लागते आणि माणशी पैसे भरावे लागतात. ते किती, हे आजीला सांगू नका. मग आपल्यासमोर चार-पाच ग्लास मांडून प्रत्येकात दोन बोटे भरेल एवढीच वाइन ओततात. ती लगेच तोंडाला लावायची नाही. आधी ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग पाहायचा, मग तो टेबलावरच गोल गोल फिरवायचा, मग त्यात नाक घालून वास घ्यायचा आणि कशाचा वास येतो ते सांगायचे. आमच्या शेजारच्या गृहस्थांना चेरीचा आला, त्यांच्या पत्नीला ओल्या मातीचा, आणि वाढणाऱ्या मुलीने स्वतःच चामडे आणि तंबाखू अशी दोन नावे सांगितली, तेव्हा मला आपल्या घरातला पानाचा डबा आठवला. त्यानंतर एक घोट तोंडात घेऊन तो सगळीकडे फिरवायचा, म्हणजे आपण चूळ भरतो तसा, आणि फिरवून झाला की समोर ठेवलेल्या भांड्यात थुंकून टाकायचा. ते भांडे हुबेहूब पिकदाणी असते, फक्त चकचकीत स्टीलचे. चांगले कपडे घातलेली, शिकलेली माणसे ओळीने उभी राहून थुंकतात आणि कोणाला त्यात काही वाटत नाही. पिण्यासाठी पैसे द्यायचे आणि प्यायचे नाही, हे मलाही आधी पटले नाही; पण दिवसाला चार ठिकाणी जाणाऱ्याने सगळीकडे गिळले तर शेवटच्या ठिकाणी त्याची जीभ कामातून जाते, आणि गाडीही चालवायची असते. गाडी आमच्याकडे हेच चालवत होते, त्यामुळे तेही थुंकले. मी बाळाला पाजते हे मी विसरलेले नाही. जिभेला लागले असेल तेवढेच. ते फार तुरट होते, आणि मला ते आवडले नाही, असे आईला खुशाल सांगा.

दुसऱ्या दिवशी मात्र एका ठिकाणी वेळ ठरवलेली असूनही आम्हांला दारातूनच परत पाठवले. एकवीस वर्षांखालच्या कोणालाही आत घेत नाही, असे तिथल्या बाईंनी हसतमुखाने सांगितले, आणि त्यांनी बाळाकडे असे पाहिले की जणू तोच ग्लास मागणार होता. पैसे आधीच भरलेले होते. ते परत मिळावेत म्हणून मी इथे लिहिणार नाही अशा भाषेत पत्रव्यवहार केला आहे.

बाबा, तुम्हांला सांगायचे ते वेगळेच आहे. पहिल्या रात्री बाळ दातांमुळे साडेतीनला उठले आणि काही केल्या झोपेना, म्हणून मी त्याला शालीत गुंडाळून व्हरांड्यात आणले. थंडी आपल्या पौषातल्यासारखी होती. समोरच्या बागेत पन्नासेक दिवे हलत होते. द्राक्षांचा खुडा, म्हणजे तोडणी, चालली होती. माणसांच्या कपाळावर दिवे बांधलेले होते आणि ओळीच्या टोकाशी ट्रॅक्टरवर मोठा झोत लावलेला होता. द्राक्षे गार असतानाच तोडायची म्हणून हे लोक मध्यरात्रीपासून कामाला लागतात. बहुतेक सगळे मेक्सिकोकडचे. वाकडी सुरी एका हातात, दुसरा हात घडाखाली, आणि घड थेट टबात. टब भरला की डोक्यावर घेऊन पळायचे आणि मोठ्या पेटीत ओतायचे. ओतायचे, बाबा! आपण मण्यावरची पांढरट झाक जाऊ नये म्हणून देठाला धरून घड कागदावर ठेवतो, तोडणीच्या बायकांना मण्यांना बोटे लावू देत नाही, आणि इथे फावड्याने वाळू टाकावी तशी द्राक्षे टाकतात, कारण शेवटी ती चेंगरायचीच असतात.

सकाळी मी बागेत जाऊन एक घड पाहिला. कॅबर्ने सोव्हिन्याँ नावाची जात, मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया, पण गोडी अशी की दातांत सणक जावी. चोवीस-पंचवीस ब्रिक्सला, म्हणजे रसात साधारण तेवढे टक्के साखर भरली की, तोडतात म्हणे; आपण अठराला समाधानी असतो. ना मणी फुगवायला जीएच्या (जिबरेलिक अ‍ॅसिडच्या) पाण्यात घडांची बुडवणी, ना गर्डलिंग, म्हणजे सालीचे कडे काढणे. वेली हिवाळ्यात पाने गाळून झोपतात, मग एकच छाटणी आणि एकच पीक. खरड छाटणी आणि गोडी बहाराची छाटणी अशा दोन छाटण्या आपण करतो, हे मी तिथल्या माळ्याला सांगितले तर त्याला ते खरे वाटेना. भाव विचारला. कॅबर्नेला सरासरी टनामागे आठ हजार डॉलरांच्या वर मिळतात, म्हणजे किलोला सातशे रुपये तरी झाले. हे वाचून लगेच हिशेब मांडू नका, कारण एकरी माल तीन-चार टनच निघतो आणि जमिनीचा भाव ऐकला तर दादा जेवायचा नाही.

तिकडे या वेळी छाटणी उरकून डोळे फुटायची पेस्ट काड्यांना लावायची धांदल चालली असेल, हे मला व्हरांड्यात उभे असतानाच आठवत होते. पाऊस लांबला आणि पोंग्यातच, म्हणजे कोंब उमलतानाच, डाऊनीची बुरशी आली, घड जिरले, असे दादा सांगत होता. तुम्ही मला ते सांगितले नाही. दरवर्षी छाटणीच्या दिवसांत मी निदान काडीवरच्या डोळ्यांचा हिशेब वहीत लिहायला तरी असायचे.

पावसापासून बाग झाकायच्या प्लास्टिक आच्छादनासाठी सोसायटीकडून कर्ज काढू नका. तीन लाख रुपये या आठवड्यात बाबांच्या खात्यावर जमा होतील. उरलेले जानेवारीत पाठवते. इकडे ओढाताण नाही. बाळाला पाळणाघरात ठेवायचे अजून ठरवलेले नाही, आणि माझे काम सध्या घरूनच चालते. दिवाळीला येणे मात्र जमणार नाही. आमच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली आहे, आणि तिकडे आलो तर परत येण्याआधी मुंबईत नव्या व्हिसाच्या शिक्क्यासाठी तारीख मिळावी लागेल. ती मिळेपर्यंत यांची रजा पुरायची नाही. आजीला मार्च म्हणून सांगा. मार्चचेही नक्की नाही, पण तिला मार्च सांगा.

दादाच्या स्थळाचे आईने तिसऱ्यांदा विचारले. इथल्या मराठी मंडळातल्या दोघींना मी सांगून ठेवले आहे, परंतु मुलगा शेती करतो म्हटल्यावर त्या विषय बदलतात. दिंडोरीच्या मुलीकडच्यांनीही नोकरी हवी म्हणून नकार कळवला, हे वाचून मला राग आला, आणि मग तो धरता आला नाही. माझ्या वेळी बाबांनी ओझरचे बागाईतदाराचे स्थळ आणले होते, तेव्हा मी काय म्हणाले होते ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दादाने महामार्गालगतचा तुकडा विकून नाशिकला दुकान टाकायचे मनात आणले आहे, असे कळले. त्याला सांगा, मी ज्या खोऱ्यात गेले होते तिथे १९६८ सालापासून शेतजमीन राखीव केली आहे, चाळीस एकरांहून लहान तुकडा पाडता येत नाही, आणि म्हणून तिथे अजून बागाच दिसतात. हे त्याला पटणार नाही. त्याने मला एकदा फोन करावा, एवढे सांगा. रात्री उशिरा केला तरी चालेल, मी बाळामुळे जागीच असते.

आजीला साष्टांग नमस्कार. तिला पत्र वाचून दाखवताना थुंकण्याचा भाग गाळावा आणि खुड्याचा दोनदा वाचावा.

तुमची,
ताई