स्कॅन झालं, पण गस्त झाली का?

संपादक महोदय,

आमच्या गेटवर पोलीस गस्तीची नोंद करायचं क्यूआर कोडचं स्टिकर आहे, रात्री बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचे पोलीस, बाईकवर येतात, मोबाईलने स्कॅन करतात आणि गाडी बंदही न करता पुढे जातात, म्हणजे रेकॉर्डला राऊंड झाला पण मागच्या अंधाऱ्या बोळात कोणी डोकावलंच नाही, गेल्या महिन्यात दोन बाईक तिथूनच चोरीला गेल्या. त्या मार्शल पोरांना दोष नाही देत मी, दोघांवर केवढा एरिया, त्यात ११२ या इमर्जन्सी नंबरवरून कॉल आला की राऊंड अर्धवट टाकून पळावंच लागतं. मुंबईत २०१६ ला देवनार पोलीस ठाण्यात पोलिसांना आठ तासांची ड्युटी सुरू केलेली, तशी सगळीकडे हवी. आणि राऊंडची वेळ रोज बदला, दीड वाजताची गाडी आता सगळ्यांना पाठ झालीये.

- एक वाचक