आगरात अनवाणी जाऊ नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं असेल. त्यात गमबूट आहेत, बाबांच्या मापाचे. बाबा, ते पडवीत नुसते उभे करून ठेवू नका. शिंपणं करायला जाताना रोज घाला.

दिवाळीत तुमच्या डाव्या पावलावरची ती लाल, नागमोडी रेघ बघितली आणि रात्री मी तिच्या टोकाला बॉलपेनने टिंब काढलं. सकाळी रेघ टिंबाच्या पुढे नखभर सरकलेली होती! शेजारी नागीण म्हणत होते, कुणी नायट्याचं मलम दिलं होतं, आणि तुम्ही वरून घासलेट चोळत होतात. रात्ररात्र खाजवत बसायचात, पण फोनवर अवाक्षर काढलं नाहीत. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

नंतर त्वचेच्या डॉक्टरांनी मला नीट समजावलं. कुत्र्याच्या आतड्यात अंकुशकृमी नावाचे जंत असतात. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत पडतात, ओल्या, उबदार, सावलीतल्या वाळूत एक-दोन दिवसांत फुटतात आणि साधारण ५ ते १० दिवसांत अळी कातडीत शिरण्याजोगी होते. माणसाच्या अंगात तिला खोल जाता येत नाही, म्हणून ती कातडीच्या वरच्या थरातच वाट शोधत फिरते. तीच ती रेघ. आता आपलं गुहागरचं आगर डोळ्यांपुढे आणा. पुळणीची जमीन, माडांची दाट सावली, आळ्यांत रोज पाणी. आपली कुत्री तांबू दुपारची नेमकी त्याच गार आळ्यात अंग टाकते, आणि त्यातच तुम्ही अनवाणी उभे.

तांबूला हाकला असं मी मुळीच म्हणत नाही. आईने तिला पिल्लं झाली तेव्हा पेज घातली आहे, ती आपल्याच घरची. पण मग औषधपाणीही आपणच बघायला हवं. गुरांच्या दवाखान्यात तिचं अंदाजे वजन सांगा आणि जंताचं औषध आणा. मोठ्या कुत्र्याला ते दर तीन महिन्यांनी देतात. पिल्लांना आईच्या दुधातूनच हे जंत जातात, त्यामुळे दोन आठवड्यांची झाल्यापासूनच त्यांना औषध लागतं. डोस डॉक्टरांनाच विचारा. आणि आगरात विष्ठा दिसली की त्याच दिवशी फावड्याने उचलून आळ्यांपासून लांब खोल पुरायची. अळी तयार व्हायला काही दिवस लागतात, तेवढ्यात घाण हलली की पुढचं सगळंच टळतं.

आई, ते कान झडलेलं पिल्लू तू पोटाशी धरून बसतेस, तुझ्या हातांवर पुटकुळ्या आल्यात त्या त्याच्याच खरजेच्या असणार. कुत्र्याच्या खरजेचा किडा माणसाच्या अंगावर वस्ती करत नाही. पिल्लू बरं झालं की तुझी खाजही काही दिवसांत जाईल. त्याला जळकं ऑइल मात्र कुणालाही लावू देऊ नकोस. कातडी भाजते आणि चाटलं तर विष पोटात जातं. डॉक्टरांकडे खरजेवर चांगली औषधं आहेत. खाज बोटांच्या बेचक्यांत असेल, रात्री वाढत असेल आणि बाबांनाही सुटली असेल, तर ती माणसांची खरूज. मग दोघांनीही एकाच वेळी औषध घ्यायचं.

मे महिन्यात चिनू येईल. न्हाणीच्या कामासाठी आणलेल्या रेतीच्या ढिगावर आत्ताच ताडपत्री टाका, कुत्री-मांजरं तिथेच घाण करतात आणि हा दिवसभर त्यातच लोळणार. समुद्रावर फिरायला जाल तेव्हाही भरतीचं पाणी पोचतं त्या ओल्या पट्ट्यातून चाला, वरच्या कोरड्या वाळूत चपला घाला.

बाबा, पुन्हा तशी रेघ दिसली तर सुईने टोकरू नका, घासलेट नको, मलम नको. टोकाला टिंब काढा, फोटो पाठवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गोळ्यांनी ती थांबते. आणि मला फोन करा, कितीही रात्र झाली असली तरी.

तुमची,
सुमी