पाटी 'हलाल'ची, पण भटारखान्याचे काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मुंबई-आग्रा मार्गावरच्या आणि शहरातल्या अनेक हॉटेलांच्या दारात 'हलाल' अशी पाटी असते. तिच्यावरून भांडणारे पुष्कळ आहेत. ती खरी ठरायला आत काय करावे लागते, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

सुरुवात कोंबडीपासून. पक्षी जिवंत हवा, सुरी धारदार हवी. अल्लाहचे नाव घेऊन श्वासनलिका, अन्ननलिका आणि दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या कापायच्या. मुंडके तोडायचे नाही. मग रक्त पूर्ण निथळू द्यायचे. गडबड होते ती इथेच. गटारीच्या दिवशी दुकानापुढे रांग लागते आणि धडपड थांबायच्या आत पक्षी पिसे काढायच्या गरम पाण्यात जातो. तो सुरीने मेला की पाण्याने, हे मग कोण सांगणार? लग्नाची मोठी ऑर्डर आली की साफ केलेला माल कारखान्यातून येतो. तिथे पक्ष्याला आधी विजेचा झटका देत असतील आणि प्रवाह जास्त असेल, तर हृदय सुरीआधीच बंद पडते. असा पक्षी मुर्दार, म्हणजे हलाल नव्हे. म्हणून हॉटेलवाल्याने दुकानदाराच्या शब्दावर न राहता प्रत्येक खेपेचे बिल ठेवावे: तारीख, वजन, माल कुठे कापला आणि बॅच नंबर.

मांस चोख आले तरी पुढे भटारखाना आहे. नाश्त्याच्या बुफेसाठी ज्या तव्यावर बेकन (डुकराचे मांस) भाजले, त्याच तव्यावर, त्याच चिमट्याने चिकन सॉसेज उलटले की पाटीला अर्थ उरत नाही. फ्रायरच्या तेलाचेही तेच. गाळल्याने ते वेगळे होत नाही. डुकराचे मांस ठेवायचेच असेल तर तवा, चिमटा, सुरी, पाट आणि फ्रीजचा कप्पा स्वतंत्र हवा. हा कप्पा सर्वांत खालचा, म्हणजे वरून काही ठिबकणार नाही.

नाशिकची खास अडचण वाइन. ग्रेव्हीत रेड वाइन घालून 'शिजताना उडून जाते' असे आचारी सांगतात. तसे होत नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पंधरा मिनिटे शिजवल्यावर सुमारे ४० टक्के अल्कोहोल उरते, अडीच तासांनीही ५ टक्के. आणि उरले किती, हा इथे प्रश्नच नाही. वाइन घातली तिथेच पदार्थ बाद. व्हिनेगर मात्र चालते, हे अनेकांना ठाऊक नसते.

किराणा मालात हिरवा ठिपका अर्धे काम करतो. जनावरांच्या हाडा-कातड्याचे जिलेटिन, कोचिनील किड्यांपासूनचा लाल रंग, प्राण्यांच्या चरबीपासूनचे इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव करणारे घटक) अशा मालावर तो नसतो. पण व्हॅनिला इसेन्स अल्कोहोलमध्ये केलेले असले तरी ठिपका हिरवाच. तिथे घटकांची यादीच वाचावी लागते. पुडिंगला जिलेटिनऐवजी चायना ग्रास (समुद्री शेवाळाचे) वापरले की एक कटकट मिटते.

मुस्लिम पाहुण्यांमध्येही एकच नियम नाही. शाफई आणि हनफी या इस्लामी धर्मशास्त्राच्या दोन परंपरा. कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई. त्यांच्यातले अनेक खेकडा खातात. हनफींना तो चालत नाही, कोळंबीवर त्यांच्यातच मतभेद आहेत. सी-फूड प्लॅटरवर सरसकट 'हलाल' लिहिण्याआधी एवढे विचारलेले बरे.

कायद्याची बाजू थोडक्यात. मांस 'हलाल' म्हणून निर्यात करायचे तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला भारतीय गुणवत्ता परिषदेच्या मंडळाची मान्यता हवी, अशी अट केंद्राने २०२३ मध्ये घातली. आपल्याकडच्या हॉटेलातल्या ताटाला तसली सक्ती नाही. अन्न परवाना स्वच्छता बघतो, कापण्याची पद्धत नाही. म्हणजे दारातली पाटी हा निव्वळ मालकाचा शब्द आहे.

तेव्हा पाटीपेक्षा मेन्यूवर दोन ओळी छापाव्यात: मांस कुठून येते व कसे कापलेले असते, आणि भटारखान्यात वाइन किंवा डुकराचे मांस वापरतात का. याचा उपयोग फक्त मुस्लिम गिऱ्हाइकाला नाही. याच महामार्गावर जेवायला थांबणाऱ्या शीख ट्रकचालकांचेही बघा. शीख रहित मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, मुस्लिम पद्धतीने कापलेले मांस निषिद्ध आहे, आणि पाटी न लावता हलाल चिकन वाढणारी हॉटेलेही कमी नाहीत. ऑर्डर देण्याआधी त्यांनाही हे कळले पाहिजे.

आपला,
हॉटेल व्यवसायातील एक वाचक, नाशिक