न्हाऊ घालणाऱ्या आमच्या मावशींना, कोल्हापूरला

मावशी, नमस्कार. चष्मा असूनही तुम्ही तो कधी घालत नाही, म्हणून हे आईला वाचून दाखवायला सांगितलंय, पण सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय कारण पहिल्या बाळंतपणात माझ्यासारख्या कितीतरी जणी आपलं दूधच पुरत नाही असं समजून रात्र रात्र रडत असतील आणि त्यांच्या घरी तुमच्यासारखं कोणी येत नसेल.

चिऊ आता आठ महिन्यांची झाली. मांडीला एकदाही रॅश आलेला नाही, सकाळची शी रोज न्हाणीत होते, आणि दिवसभरात चार-पाच वेळा तरी ती आधी सांगते आणि मला कळतं. हे सगळं तुमचं आहे मावशी. तुम्ही मालिश केलीत, आंघोळी घातल्यात, शेक दिलात, त्याचे पैसे आईने दिले आणि तुम्ही ते मोजूनही घेतले नाहीत, पण बाळाला शू-शी आलीय हे ओळखून तिला न्हाणीत धरायची ही जी दुसरी गोष्ट तुम्ही शिकवलीत ती कशातच धरलेली नव्हती.

तो अकरावा दिवस तुम्हाला आठवतो का माहीत नाही, मला तासन्‌तास आठवतो. जुलै महिना, चार दिवस ऊन नाही, पंचगंगेचं पाणी चढतंय म्हणून बाबा सारखे बातम्या लावून बसलेले, घरभर दोऱ्या बांधून त्यावर लंगोट आणि दुपटी, शेगडीवर टोपली पालथी घालून आई त्यावर एकेक लंगोट सुकवतेय. आणि चिऊ संध्याकाळपासून दोन मिनिटं प्यायची, तोंड सोडायची, मान मागे टाकायची, रडायची, परत चिकटायची, परत सोडायची, असं रात्रभर. घरात येणारा प्रत्येक माणूस एकच सांगत होता की दूध कमी पडतंय, वरचं चालू करा, आणि कोणीतरी पावडरचा डबा आणून देवघराच्या फळीवर ठेवलापण होता. मी अळीव खात होते, शतावरी पीत होते, आणि माझ्या अंगात काहीतरी कमी आहे ही एकच गोष्ट डोक्यात घट्ट बसली होती.

तुम्ही आठला आलात, ओला पदर पिळून दाराशी उभ्या राहिलात आणि तिथूनच बघत होतात. मग म्हणालात, "आगं पोरी, दूध भरपूर हाय की तुला. लेकराला मुताय आलंय, म्हणून त्वांड सोडतंय." मला तेव्हा रागच आला होता मावशी, खरं सांगते. तुम्ही तिला माझ्या हातातून घेतलंत, लंगोट सोडला, न्हाणीच्या उंबऱ्याशी बसलात, तिची पाठ तुमच्या पोटाला लावली, डोकं दंडावर टेकवलं, दोन्ही मांड्यांखाली हात घालून गुडघे जरा वर घेतले आणि तोंडाने हळूच शूऽऽऽ केलंत. अर्धं मिनिटपण झालं नसेल. धार लागली, चिऊ गप्प झाली, अंग एकदम सैल सोडलं. तुम्ही तिला पुसून परत माझ्याकडे दिलीत आणि ती वीस मिनिटं सलग प्यायली आणि झोपली. पावडरचा डबा तसाच न फोडता परत गेला.

त्यानंतर रोज मालिश झाली की तुम्ही दहा मिनिटं जास्त थांबायचात. मला पाट घेऊन बसवायचात, पाय पसरून पावलांमध्ये जरा फट ठेवायला लावायचात आणि चिऊला माझ्या दोन्ही पावलांवर, माझ्याकडे तोंड करून बसवायचात, एक हात मानेखाली. मान धरत नाही तोवर हात काढायचा नाही, हे तुम्ही किती वेळा म्हणाला असाल. झोपेतून उठली की लगेच धर, पाजून झाल्यावर जरा थांबून धर, शू साठी एक आवाज आणि शी साठी वेगळा, कण्हल्यासारखा अं अं, आणि दोन्हीची गल्लत करू नको. पाय झाडता झाडता अचानक थांबली, नजर एका जागी लावली, अंगावर शहारा आला, पिता पिता ओढाओढ करायला लागली, वारा सरला की समजायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक मिनिट धरून नाही झालं तर उचलायचं, बसवून ठेवायचं नाही, रागवायचं तर अजिबातच नाही. "तिला कळतंय, आपल्याला कळाय पायजे," हे तुमचं वाक्य.

मला शी-शू पेक्षा त्यातून दूध मोजायला आलं हे जास्त मोठं वाटतं. दवाखान्यातून निघताना सिस्टरने सांगितलं होतं की पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसात निदान सहा वेळा शू झाली की दूध पुरतंय समजायचं, पण एकात एक गुंडाळलेल्या ओल्या दुपट्यांत ते कसं मोजणार, आणि डायपरमध्ये तर काहीच कळत नाही. तुमच्यासारखं धरायला लागल्यावर मला प्रत्येक शू दिसायला लागली, बारा, तेरा, कधी पंधरा, आणि शी मोहरीच्या रंगाची, पातळ, मध्ये बारीक कण, म्हणजे अंगावरच्या दुधाची असते तशीच. सव्वा महिन्याला वजन केलं, २ किलो ८०० ची ३ किलो ७०० झाली होती. त्या दिवशी मी घरी येऊन सगळ्यात आधी तुम्हाला फोन केला होता, तुम्ही दुसऱ्या घरी आंघोळ घालत होतात आणि पाण्याच्या आवाजात तुम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं.

मग ते दोन महिन्यांच्या आसपासचे पाच दिवस. पाच दिवस शीच नाही. घरातल्या एका मोठ्या माणसाने शी व्हावी म्हणून शीच्या जागी घालायला विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून तयार ठेवला होता, आणि त्यांना नाही म्हणायची कोणाची हिंमत नव्हती, तुम्ही नाही म्हणालात. तुम्ही तिचं पोट दाबून बघितलंत, मऊ आहे, पितेय, हसतेय, शू होतेय, मग कशाला घालताय काही, अंगावरचं दूध आहे, सगळं अंगाला लागतंय. डॉक्टरांना विचारलं तर तेही तेच म्हणाले, की दीड महिन्यानंतर फक्त आईच्या दुधावरची बाळं काही दिवस, कधी आठवडाभरसुद्धा शी करत नाहीत, पोट मऊ आहे, बाळ मजेत आहे आणि झाल्यावर शी मऊच होतेय तर काळजी नको. सहाव्या दिवशी सकाळी पाजून झाल्यावर पावलांवर बसवली, तुम्ही अं अं केलंत आणि पाच दिवसांचं एकदम. आई, मी, तुम्ही, तिघीही हसत होतो आणि चिऊ आमच्याकडे गंभीरपणे बघत होती.

गुटीवरून आपलं वाजलं होतं ते पण लिहिते. तुम्हाला उगाळून द्यायची होती आणि मी सहा महिने दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, यावर अडून बसले होते. तुम्ही एक दिवस बोलला नाहीत माझ्याशी. दुसऱ्या दिवशी आल्यावर सहाण स्वतःच उचलून माळ्यावर ठेवलीत. त्याबद्दल तेव्हा थँक्यू म्हणायला पाहिजे होतं, आत्ता म्हणते.

दिवाळीनंतर पुण्याला आले तेव्हा वाटलं होतं हे सगळं सुटणार. इथे फ्लॅटला न्हाणी नाही, बाथरूमची फरशी गार, आणि सोसायटीतल्या मुलींना सांगितलं तर त्या म्हणाल्या एवढ्या लहान बाळाला ट्रेनिंग देतेस, त्रास होत नाही का तिला. अमेरिकेतली माझी मैत्रीण मात्र फोनवर ओरडलीच, अगं हे तर इलिमिनेशन कम्युनिकेशन, इथे लोक ईसी म्हणतात आणि मुद्दाम शिकायला जातात. मग मी वाचायला लागले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर डिगो नावाचे लोक आहेत, त्यांच्या आया पहिल्या काही आठवड्यांपासूनच तुमच्यासारखं पायांमध्ये धरून, आवाज काढून हे करतात आणि पाच-सहा महिन्यांत बाळं बऱ्यापैकी कोरडी राहतात, यावर १९७७ मध्ये पीडिआट्रिक्स या डॉक्टरांच्या मासिकात लेख आलाय. व्हिएतनाममध्ये आया शिट्टी वाजवतात. चीनमध्ये मागून उघड्या चड्ड्या असतात. वाचताना मला सारखं वाटत होतं की यातल्या कुठल्याच बाईला हे कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही, प्रत्येकीच्या घरात कोणीतरी तुमच्यासारखं दाराशी उभं राहून बघणारं होतं.

इथल्या डॉक्टरांना पण विचारलं. ते म्हणाले जबरदस्ती नसेल, मानेला आधार असेल तर खुशाल करा, फक्त ह्याला ट्रेनिंग समजू नका, स्वतःहून थांबवून धरायचं आणि जाऊन बसायचं ते पुढे दीड-दोन वर्षांनंतरच जमतं. मी म्हटलं आमच्या मावशी पण ट्रेनिंग म्हणत नाहीत, त्या फक्त "धर" म्हणतात.

आणि एक गंमत सांगते, म्हणजे मला ऐकून डोळ्यात पाणी आलं ती. एकदा चिऊला बेसिनवर धरून मी शूऽऽ करत होते तर सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं बोलतील. तर म्हणाल्या, "आम्ही दोन्ही मुलांना असंच धरायचो, चौथ्या महिन्यापासून लंगोटाची रास कमी झाली होती. तुला डायपर आवडत असतील म्हणून मी काही बोलले नाही." एवढं सगळं येत असून त्या गप्प बसल्या होत्या! जानेवारीत माझी सव्वीस आठवड्यांची रजा संपली आणि मी ऑफिसला जायला लागले तेव्हापासून दिवसभर त्याच धरतात, आणि संध्याकाळी मी आले की आधी आज किती वेळा कळलं त्याचा हिशोब देतात, मग चहा.

डायपर आम्ही वापरतो मावशी, लपवत नाही. रात्री आणि बाहेर जाताना घालतो. रात्री दोनला उठून धरायची ताकद माझ्यात नाही आणि तुम्हीच म्हणाला होता की आईची झोप मोडून काही करायचं नाही. पण दिवसा फक्त लंगोट नाहीतर चड्डी, खाली मेणकापड आणि गोधडी. हुकतं, खूपदा हुकतं, दात येत होते त्या आठवड्यात तर एकही कळली नाही. पुसतो आणि पुढे जातो.

तुमचे गुडघे कसे आहेत? आई म्हणाली पावसाळ्यानंतर तुम्ही दोन घरं सोडलीत. खाली बसून तुम्हाला एवढ्या आंघोळी घालाव्या लागतात, माझ्या वेळी मी एकदाही विचारलं नाही की दुखतंय का, हे मला आता चिऊ नऊ किलोच्या जवळ आल्यावर आणि तिला पावलांवर घेऊन माझीच कंबर धरल्यावर सुचतंय. गुडघ्याचे पट्टे आईकडे पाठवलेत, दोन मापांचे, जे बसतील ते ठेवा आणि नको म्हणू नका.

आता एक विचारायचंय. रांगायला लागल्यापासून पावलांवर बसवलं की ती पाठीची कमान करते आणि सुटून पळते, दोन मिनिटांनी गोधडीवर करते. सासूबाई म्हणतात छोटी पॉटी आणून बसवून बघू, मैत्रीण म्हणते काही दिवस सोडून दे आपोआप परत येईल. तुम्ही काय करायचात अशा वेळी? आईकडे कधी बोललात तर माझ्यापर्यंत पोचतं पण अर्धंच पोचतं, म्हणून रविवारी दुपारी तुमची घरं उरकल्यावर मी व्हिडिओ कॉल करते, चिऊला घेऊनच बसते, म्हणजे ती काय करते ते तुम्हाला दिसेल.

तुमची,
चिऊची आई