कॅमेऱ्यामागचे कारण शिकविणाऱ्या सरांस

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

तालुक्याच्या गावी लग्नकार्यांचे व्हिडिओ शूटिंग करणाऱ्या आणि आपल्या प्रशिक्षणवर्गातून तयार झालेल्या आम्हा सर्वांच्या वतीने हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. समोर येऊन आभार मानले असते, तर आपण विषय बदलून लेन्स पुसायला घेतली असती.

आमच्यापैकी बहुतेकांनी हे काम मांडवातच शिकले. आधी लाइट धरायचा, केबल गुंडाळायची, आणि उस्तादाची मर्जी झाली की कॅमेरा हाती यायचा. अशा शिक्षणात हात बसतो, कारण मात्र कळत नाही. मंगल कार्यालयातील दिव्यांखाली चित्रात काळे पट्टे सरकू लागले की ‘कॅमेरा गेला’ हेच आमच्या धंद्यातील प्रचलित निदान. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे पुष्कळ दिव्यांचा प्रकाश सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो, म्हणून त्या लयीशी जुळावे यासाठी सेकंदाला 25 फ्रेम (चित्रे) घेताना शटर 1/50 सेकंद ठेवावे आणि स्लो मोशनसाठी सेकंदाला 120 ऐवजी 100 फ्रेम घ्याव्यात, हे आपण फळ्यावर मांडून दाखविले, तेव्हा दुरुस्तीवाल्याकडच्या कित्येक फेऱ्या आमच्या डोळ्यांपुढून गेल्या.

त्याहून मोठे ऋण आवाजाचे आहे. मंगलाष्टके म्हणणाऱ्या गुरुजींच्या आवाजावर ध्वनिमुद्रणाची पातळी बेतली, तर शेवटच्या ‘सावधान’नंतर बँड सुरू होताच ध्वनिमुद्रण फाटते, आणि अक्षता पुन्हा टाका असे कोणाला सांगता येत नाही. मुख्य आवाज उणे 12 डेसिबलच्या (म्हणजे आवाज फाटण्याच्या मर्यादेच्या 12 डेसिबल खाली) आसपास ठेवून दुसऱ्या ट्रॅकवर तोच आवाज आणखी 10 डेसिबलने कमी नोंदविण्याची आपली शिस्त आता आमच्या हेल्परांनाही पाठ आहे.

प्रमाणपत्राविषयीची आपली भूमिका मला विशेष पटली. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वशिक्षणाला मान्यता देण्याची, म्हणजे आरपीएलची, सोय आहे. काम येते पण कागद नाही, अशांसाठीच ती आहे. तरीही आपण आम्हाला थेट मूल्यमापनाला पाठविले नाही. परीक्षक ‘असे का केले’ विचारील तेव्हा ‘उस्ताद असेच करायचे’ हे उत्तर चालणार नाही, असे बजावून प्रत्येक सेटिंगचे कारण आमच्याकडून मराठीत लिहून घेतले. ड्रोनच्या बाबतीत तर आपण कठोरच होतात. ड्रोन नियम 2021 प्रमाणे 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैशाच्या कामासाठी उडवायचा, तर अधिकृत संस्थेत प्रशिक्षण घेऊन रिमोट पायलट प्रमाणपत्र मिळवावे लागते, हे कळूनही ‘लग्नात कोण विचारतो’ म्हणणाऱ्यांना आपण वर्गात ड्रोनला हात लावू दिला नाही. (ड्रोनवाल्याला मांडवात मिळणारा मान कॅमेरावाल्याला कधीच मिळाला नाही, ते असो.)

या सर्वांसाठी आम्ही आपले मनापासून ऋणी आहोत.

आता एक विनंती. आवाजाचा पाठ नव्या मुलांना वर्गात न देता प्रत्यक्ष कार्यालयात द्यावा, अशी आमची इच्छा आहे. चातुर्मासात मुहूर्त नसल्याने येथील कार्यालय रिकामे असते. मालकांनी एक दिवस विनामूल्य देण्याचे कबूल केले असून, बँडवालेही यायला तयार आहेत. आपण सोयीची तारीख कळवावी.

आपला विद्यार्थी,
तालुक्यातील एक व्हिडिओग्राफर