तिला घरी काय म्हणायचे, हे तुम्ही विचारलंत

आदरणीय बाई,

तुम्ही आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलंत आणि आमच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला बाईच म्हणतात, म्हणून ही हाक. इंग्रजीतून तुमचे आभार मी दोनदा मानले. दोन्ही वेळा पाठवून झाल्यावर चुटपुट लागली, की हे कोरडं झालं, मनातलं मनातच राहिलं. आता मराठीतच लिहितेय. माझा भाचा डब्लिनला असतो, तो तुमच्याकडे येऊन वाचून दाखवणार आहे. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आमच्या खापरपणजोबांचं आयर्लंडमधलं मूळ शोधताना तुम्ही काय केलंत ते चार लोकांना कळायला हवं.

आमच्याकडे होतं ते एवढंच. पत्र्याच्या पेटीत लष्करातून सुटल्याचा एक कागद, एक जपमाळ आणि घरात चालत आलेलं सांगणं. खापरपणजोबा जेम्स हे आयरिश शिपाई. देवळालीच्या छावणीत आले, मुदत संपल्यावर मायदेशी न जाता जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत गार्ड झाले, इगतपुरीला राहिले आणि इथल्याच मुलीशी लग्न केलं. कागदावर जन्माचं ठिकाण ‘एनिसजवळ, काउंटी क्लेअर’, म्हणजे आयर्लंडमधला क्लेअर जिल्हा. नाशिकजवळ म्हटल्यावर जेवढं कळतं, तेवढंच त्यातून कळायचं.

शोधायला लागले तेव्हा लोकांनी जे ऐकवलं ते विसरता येत नाही. नात्यातलेच म्हणाले, गोऱ्याचं रक्त मिरवायचंय का? तिकडच्या एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी पहिल्याच उत्तरात पासपोर्टचा विषय काढला. मी तो काढलाच नव्हता, आणि तिथला कायदा आजी-आजोबांपर्यंत जातो, खापरपणजोबांपर्यंत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. दुसरे म्हणाले, आयर्लंडचे सगळे कागद १९२२ मध्ये जळाले, वेळ घालवू नका. मग एका ठिकाणी पैसे भरून काम दिलं. चार महिन्यांनी आलं काय, तर आडनावाच्या उगमाबद्दल छापील दोन पानं आणि रंगीत ढाल-तलवारीचं ‘घराण्याचं चिन्ह’. तशी चिन्हं एकेका माणसाला दिलेली असतात, आडनावाला नाही, हे मला नंतर तुमच्याकडून कळलं. आईने तो कागद कौतुकाने भिंतीला लावला होता. तो उतरवताना मला जे वाटलं, त्याबद्दल त्या लोकांना मी अजून माफ केलेलं नाही.

तुम्ही मात्र पहिल्याच पत्रात सरळ लिहिलंत. जळालं हे खरं. ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये, म्हणजे कोर्टाच्या ज्या आवारात सरकारी दफ्तर होतं तिथे, स्फोट होऊन आग लागली आणि जुन्या जनगणना गेल्या. पण कॅथलिक पॅरिशची, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीची, बाप्तिस्म्याची पुस्तकं तिथे नव्हतीच, ती आपापल्या चर्चमध्ये होती. त्यांची पानं आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून सगळ्यांना फुकट बघायला ठेवली आहेत, एक पैसाही भरू नका. ‘एक पैसाही भरू नका’ हे वाक्य मी आईला तीनदा वाचून दाखवलं.

पुढचे सगळे खटाटोप इथे लिहीत नाही. पण तुम्ही ज्या रीतीने शिकवलंत, ते सांगायलाच हवं. नुसतं उत्तर हातात दिलं नाहीत, शेजारी बसवून गिरवून घ्यावं तसं गिरवून घेतलंत. त्या पुस्तकांत नावं लॅटिनमध्ये असतात, जेम्सचा याकोबुस होतो, विल्यमचा गुलिएल्मुस होतो. जन्मांची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली, आमचे जेम्स १८६२ चे, म्हणजे पुस्तकाची पानंच उलटायची. आणि ती मी उलटली, रात्री जेवणं आटोपल्यावर, दोन महिने. पुसट शाई, ओल लागलेले कोपरे, पाद्र्याचं घाईचं अक्षर. त्या आडनावाचे आणि त्या नावाचे तीन याकोबुस मिळाले तेव्हा मी हात टेकले होते. तुम्ही म्हणालात, मुलाकडे बघू नका, त्याला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरणाऱ्या दोघांकडे बघा, ते बहुधा नातलग नाहीतर शेजारी असतात. मग ग्रिफिथच्या जमीन-मोजणीत, म्हणजे कर बसवायला आयर्लंडभर झालेल्या जुन्या मोजणीत, त्या दोघांची आडनावं शोधा.

ग्रिफिथची नोंद उघडली आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. अहो, हा तर सातबारा! जमीन कसणारा कोण, जमीनमालक कोण, क्षेत्र किती, आकार किती. क्लेअरची मोजणी १८५५ ची, दुष्काळ नुकताच सरलेला. बटाट्यावरच्या रोगाने देशातली दहा लाख माणसं गेली आणि तेवढीच परदेशी निघाली, त्यानंतर जी मागे उरली त्यांची ही यादी. आयर्लंडभर साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत, टाउनलँड म्हणजे आपली वाडी. त्यातल्या एका वाडीत बाप्तिस्म्यातली ती दोन्ही आडनावं आणि आमचं आडनाव एकाखाली एक होतं. बांधाला बांध लागून. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला उठवून आणलं.

आणि मग १९११ चा जनगणनेचा कागद. १९०१ च्या कागदावर जेम्सची आई साठ वर्षांची होती, १९११ ला चौऱ्याहत्तर. दहा वर्षांत चौदा वर्षांनी म्हातारी झालेली ही बाई वेगळीच असणार, म्हणून मी तिला सोडून दिलं होतं. तुम्ही समजावलंत, की १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन सुरू झालं, जन्माचा दाखला कुणाकडे नव्हता, मग १८३९ च्या जानेवारीतलं ते मोठं वादळ आठवतंय असं सांगून कितीतरी म्हाताऱ्यांनी वय सिद्ध केलं. तीच बाई होती. गवताने शाकारलेलं घर, समोर दोन खिडक्या, लिहिता-वाचता येत नाही, सहीच्या जागी फुली. भाषा: आयरिश आणि इंग्रजी.

त्या कागदावर एक रकाना आहे, किती मुलं झाली आणि त्यातली किती हयात आहेत. तो विवाहित बायकांनी भरायचा होता, विधवांनी नाही. तिच्याकडून तो भरला गेला होता आणि नंतर कुणीतरी त्यावर रेघ मारली होती. रेघेखालून आकडे दिसतात. झालेली नऊ. हयात चार. एक मुलगा तिच्याजवळ, एक मुलगी शेजारच्या वाडीत दिलेली, एक अमेरिकेत, एवढी तुम्ही शोधून काढलीत आणि मला एका ओळीचं पत्र लिहिलंत: ‘चौथा तुमचा आहे, तिने त्याला हयातांत धरलं होतं.’ तीस वर्षांपूर्वी गेलेला मुलगा. तो तेव्हा इगतपुरीला घाटातल्या गाड्यांवर खरोखरच हयात होता. बाई, त्या रात्री मला झोप लागली नाही.

तरीही मी हे पत्र लिहितेय ते याहून लहानशा गोष्टीसाठी.

इथल्या चर्चच्या नोंदीत जेम्सच्या मुलांच्या बाप्तिस्म्याला बापाचं नाव, आडनाव, हुद्दा सगळं आहे. आईच्या रकान्यात फक्त ‘मेरी’. आडनाव नाही, गाव नाही. मी ज्यांना ज्यांना कागद दाखवले, त्या सगळ्यांनी वंशावळीत तिच्या चौकटीत तेच उतरवलं, ‘मेरी, नेटिव्ह’. पैसे घेतलेल्यांनी तर चौकटच रिकामी ठेवली. मीसुद्धा कधी हरकत घेतली नाही, हे कबूल करायला हवं. मीही समुद्रापलीकडेच बघत होते.

तुम्ही विचारलंत, “मेरी हे नाव तिला चर्चमध्ये मिळालं असणार. त्याआधी तिला घरी काय म्हणायचे?”

आईला नाव ठाऊक होतं. तिच्या आजीच्या तोंडून ऐकलेलं. मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. तुम्ही पुढे लिहिलंत, तुमच्या लिपीत कसं लिहितात ते पाठवा. मी मोठ्या अक्षरात लिहून फोटो पाठवला आणि विसरून गेले.

मागच्या महिन्यात पाकीट आलं. आत तुम्ही हाताने काढलेली वंशावळ, निळ्या शाईची. वर क्लेअरची ती दोघं, खाली जेम्स, आणि जेम्सच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या चौकटीत, तीन मराठी अक्षरं. अक्षरं आधी काढलीत आणि वरची रेघ नंतर पट्टीने ओढलीत, ते कळतं, कारण मधलं अक्षर रेघेला पोचलेलं नाही. कागद उजेडात धरला तर खाली पेन्सिलने काढून खोडलेल्या खुणा दिसतात. मी मोजल्या. निदान पाच वेळा तुम्ही ते नाव गिरवलंय. ऐंशीच्या घरातली बाई, हात थरथरतो असं तुम्हीच लिहिलं होतंत, आणि शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या देवळालीकडच्या एका मुलीचं नाव तुम्ही पाच वेळा गिरवलंत.

आई शेंगा सोलत बसली होती. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि नाव मोठ्याने वाचलं. बाकी कागदावरचं काही तिला वाचता येत नाही, इंग्रजी आहे. तेवढंच वाचता आलं आणि तेवढंच तिला पुरलं.

तुमच्यासारखी माणसं किती असतील, याचा मी हल्ली विचार करते. क्लेअरच्या काउंटी लायब्ररीसाठी जुन्या नोंदी एकेक करून उतरवून देणारे किती स्वयंसेवक आहेत, त्यांना दमडी मिळत नाही आणि त्यांचं नाव कुणी घेत नाही. ओळख ना पाळख, सात समुद्रांपलीकडच्या बाईने काही विचारलं तर सभ्यपणाने उत्तर द्यायचं, तिच्या हेतूवर शंका घ्यायची नाही, एवढं ज्यांना जमतं त्यांच्यामुळे माझ्यासारखीचं घर उभं राहतं. ज्यांनी मला हिडीसफिडीस केलं त्यांना तुमच्याहून जास्त माहिती असेलही. पण आमची ती बाई त्यांना दिसली नाही.

वंशावळ चौकट करून लावली आहे, ते छापील चिन्ह जिथे होतं त्याच खिळ्याला. चौकटवाला म्हणाला, मधलं अक्षर रेघेला जोडून देऊ का, बारीक पेनने करतो, कळणार नाही. आई म्हणाली, हात लावू नकोस.

तुमची,
इगतपुरीची एक लेक