वेळासच्या किनाऱ्यावरून आभार

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या वेळासचा यंदाचा समुद्री कासवांच्या विणीचा हंगाम आटोपला. हॅचरीचं, म्हणजे कासवांची अंडी जपायच्या जागेचं कुंपण काढलं, टोपल्या धुऊन माळ्यावर टाकल्या. आता आभार.

सगळ्यात आधी त्या खलाशीदादांचे. जाळ्यात सापडलेल्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासव मादीच्या पुढच्या पराला (वल्ह्यासारख्या पायाला) दोरा पार आत रुतला होता. ओढाताण केली असती तर पर फाटलाच असता. दादांनी चांगलं धडधाकट जाळं कापून तिला सोडवलं. अशा वेळी सरकारकडून २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते, पण त्यासाठी लागणारे फोटो काढायलाही ते थांबले नाहीत. दादा, हे वाचत असाल तर या, अर्ज आम्ही भरून देऊ!

किनाऱ्यालगतच्या घरांनी रात्री अंगणातले दिवे बंद ठेवले. पिल्लं उजेडाकडे भरकटतात, त्यामुळे हे फार मोठं काम झालं. २००२ साली इथे संरक्षण सुरू झालं, तेव्हा अंडी सर्रास खणून नेली जायची. यंदा शाळकरी पोरंच पहाटे मादीचा माग दाखवायला धावत होती. त्यांचेही आभार.

आणि रात्रपाळीला गरम घावणे पाठवणाऱ्या काकू, तुमचा डबा आमच्याकडेच राहिलाय.